एका आयडीवरचे हात

मेल सकाळी अकराला आला. त्या वेळी मी जिन्यात उभी राहून खालच्या खतवाल्या दुकानदाराशी भांडत होते. त्यानं पुन्हा जिन्यालगत गोण्यांची थप्पी लावली होती आणि आमच्या बायकांना वर येताना अंग चोरून यावं लागत होतं. भांडण माझ्या बाजूनं चांगलं रंगात आलं होतं. तेवढ्यात वरून हाक आली की मावशींचा आयडी उघडत नाही. पासवर्ड चुकला असेल, नीट टाका, असं मी खालूनच ओरडले. तो दोनदा टाकून झाला होता. मग भांडण अर्ध्यावर सोडून मी वर गेले आणि माझा मेल उघडला.

मेल मराठीत होता, पण तसा तो आहे हे दोनदा वाचल्यावर कळत होतं. अर्थ एवढाच, की एका आयडीवर वेगवेगळ्या व्यक्तींच्या हाताची हालचाल आढळली आहे, म्हणून आयडी थांबवला आहे. केंद्रप्रमुखांनी आज दुपारी तीन वाजता व्हिडिओ कॉलवर खुलासा करावा, संबंधित कामगार सोबत हजर असावी, खुलासा पटला नाही तर आयडी कायमचा बंद होईल. केंद्रप्रमुख म्हणजे मी. संबंधित कामगार म्हणजे मावशी.

मी घाबरले, आणि ते मावशींसाठी नव्हे, हे इथंच सांगून टाकते. मला आठ दिवसांपूर्वी मीच भरलेला एक फॉर्म आठवला होता.

पण आधी आमचं काम सांगायला हवं. कोल्हारात, नगर-मनमाड रस्त्याला लागून, खताच्या दुकानावर आमचा हॉल आहे. पूर्वी तिथं माझे टायपिंगचे क्लास चालायचे. पुढं शिकणारे कमी होत गेले आणि आठ कॉम्प्युटर धूळ खात पडले. तेव्हा पुण्याच्या एका कंपनीनं विचारलं, फोटो ओळखायचं काम कराल का? पिकांच्या पानांचे, फळांचे फोटो येतात. डाळिंब, पेरू, कांदा, ऊस. पानावर डाग असेल तर माऊसनं त्याच्या कडेकडेनं रेघ ओढायची आणि तो कशाचा ते यादीतून निवडायचं. असे ढीगभर फोटो बघून म्हणे मशीन शिकतं, आणि मग शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून फोटो काढला की मोबाईलच त्याला रोग सांगतो. मशीन कोणाचं, तर पुण्याच्या कंपनीच्याही वरच्या कोणाचं तरी. त्यांना आम्ही कधी पाहिलेलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी चालली, त्यामुळे शिकवण्याचा तोरा माझ्यात उपजतच. आपण मशीनच्या मास्तरणी झालो, असं मी पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. कोणी फारसं हसलं नाही.

मावशी आमच्याकडे आल्या त्या फरशी पुसायला. पन्नाशी उलटलेली बाई. राहात्याकडच्या डाळिंबाच्या आणि पेरूच्या बागांत त्यांनी कित्येक वर्षं खुरपणाऱ्या बायकांची टोळी चालवली होती. गुडघे गेले तेव्हा ते काम सोडलं आणि कोल्हारात लेकीकडे राहायला आल्या. एकदा पुसता पुसता त्या एका टेबलामागे थांबल्या. स्क्रीनवर डाळिंबाचं पान होतं आणि आमच्यातली एक जण त्यावर तेल्या रोग असं निवडायला निघाली होती.

"ह्यो तेल्या न्हाई," मावशी म्हणाल्या. "फवाऱ्याचा डाग हाय. बोटानं पुसला तर जाईल."

आणि त्यांनी खरोखरच ओल्या बोटानं स्क्रीन पुसून पाहिली. मला राग आला, कारण स्क्रीनला हात लावायचा नाही ही सूचना मी भिंतीवर ठळक अक्षरांत चिकटवली होती. मी त्यांना तिरकसपणे विचारलं की फोटोतला डाग बोटानं कसा पुसला जाणार. त्या म्हणाल्या, बागेत पुसला असता. आम्ही फवाऱ्याचा डाग असं उत्तर दिलं आणि ते बरोबर निघालं. पंधरा दिवसांत मी मावशींना नवव्या, जुन्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि त्यांच्या नावाचा आयडी काढला. फरशी आम्ही पाळीनं पुसू लागलो.

मावशींची नजर अशी की आम्ही नुसत्या बघत राहायचो. पण माऊस त्या खुरप्यासारखा मुठीत आवळून धरायच्या आणि रेघ ओढताना हात थरथरायचा. कंपनीचा नियम असा की दिवसाला ठरलेले फोटो झालेच पाहिजेत, सलग काही दिवस कमी पडले की आयडी जातो. मावशींचे तीन वाजेपर्यंत निम्मेही होत नसत. पहिल्या महिन्यातच त्यांचा आयडी जाणार हे मला दिसत होतं, आणि मी मूग गिळून बसले होते.

बायका बसल्या नाहीत. खुरपणीत प्रत्येक बाई आपली एक ओळ धरते, तिला पात म्हणतात. जिची पात आधी पुरी होते ती बांधावर बसून राहत नाही. मागं पडलेलीच्या पातीच्या दुसऱ्या टोकाला बसते आणि तिच्या दिशेनं खुरपत येते. याला पात लावून देणं म्हणतात. आमच्या शेजारच्या गल्लीतली एक सून, माऊस चालवण्यात सगळ्यांत चलाख, तीनला आपले फोटो संपवायची आणि मावशींच्या खुर्चीत जाऊन बसायची. मावशी मागं उभ्या राहून डाग कशाचा ते सांगायच्या, ती रेघा ओढायची. कधी ती, कधी दुसरी कोणी. मोबदला म्हणून कोणी काही मागितलं नाही, कारण मावशीही दिवसभर उठून उठून प्रत्येकीचे अडलेले फोटो बघून द्यायच्या. मावशींची नजर सगळ्यांच्या आयडीत होती आणि सगळ्यांचे हात मावशींच्या आयडीत. गावाकडे याला सावड म्हणतात, आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. यात काही वावगं आहे हे आम्हा नऊजणींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

उलट मी हुरळून गेले होते. आमच्या केंद्राची अचूकता वर गेली, कंपनीनं कौतुकाचं पत्र पाठवलं, आणि त्यासोबत आलेल्या फॉर्मवर एक रकाना होता, तुमच्या केंद्राचं वैशिष्ट्य काय. मी आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं केलं. "आमच्या भगिनी सावडीने काम करतात. एकीचे काम मागे पडले तर दुसऱ्या ते पूर्ण करून देतात. ही आमच्या भागाची जुनी पद्धत आहे." शेवटच्या वाक्याखाली मी रेघही मारली होती.

तर मेल आल्यावर मला तो रकाना आठवला, आणि मग मी कपाटातून कंपनीचा करार काढला. सही करताना तो वाचला नव्हता. तीन पिढ्यांची मास्तरकी असून वाचला नव्हता. एका आयडीवर एकच व्यक्ती काम करील, असं चौथ्या पानावर स्पष्ट होतं. आणि त्याखालीच, केंद्रप्रमुखाच्या संमतीनं हा नियम मोडला गेल्यास केंद्रातले सर्व आयडी बंद होतील.

मी तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला. फॉर्मचं मात्र सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, जीभ उचलली नाही. मग वाद सुरू झाला. सून म्हणाली की खरं काय ते सांगून टाका, आपण चोरी केली नाही. दुसरी म्हणाली की तुझ्या घरी ट्रॅक्टर आहे म्हणून तू बोलतेस. त्यावर दोघींची चांगलीच जुंपली. कोणाचे फोटो होत नव्हते आणि मी कोणाला कामाला लागा असंही म्हणत नव्हते. मावशी आपल्या बंद कॉम्प्युटरसमोर बसून होत्या. हात पदरात, नजर काळ्या स्क्रीनवर. आयडी गेला तर त्यांना पुन्हा रानात जावं लागणार होतं, त्या गुडघ्यांनी, हे हॉलमधल्या प्रत्येकीला माहीत होतं. जावई घरी बसलेला होता आणि लेकीच्या संसारात मावशींची ती एकच नियमित भर होती.

अडीचच्या सुमारास त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुमी काय सांगनार, बाई?"

मी म्हटलं, बघू.

तीनला दहा मिनिटं कमी असताना लाईट गेली. इन्व्हर्टर टीं टीं करू लागला. पंखे बंद केले, बाकीचे कॉम्प्युटर बंद केले, आणि मी व मावशी एका स्क्रीनसमोर खुर्च्या जोडून बसलो. बाकीच्या जणी भिंतीला टेकून उभ्या होत्या. कॉलवर पुण्याच्या एक बाई आल्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, कानाला हेडफोन, बोलणं अतिशय सभ्य. नमस्कार केला, जेवण झालं का विचारलं. त्यांनी रागावून बोलायला हवं होतं, मला ते सोपं गेलं असतं.

मग त्यांनी मला विचारलं की तुमच्या केंद्रात एकमेकींच्या आयडीवर काम केलं जातं का, आणि तुम्हाला याची कल्पना होती का.

मी त्यांचा चेहरा बघत होते. फॉर्म त्यांच्याजवळ आहे की नाही? वाचला आहे की नाही? वाचूनच विचारत असतील तर नाही म्हटल्यावर मी खोटारडी ठरणार. वाचला नसेल आणि मी हो म्हटलं तर नऊ आयडी जाणार, हॉल जाणार, केंद्रप्रमुखपण जाणार. या क्रमानं विचार आले असं मला म्हणायला आवडेल. खरं तर केंद्रप्रमुखपण आधी आलं.

"नाही," मी म्हणाले. आणि विचारलं नव्हतं तेही पुढं बोलले, "आमच्याकडे अशी पद्धतच नाही."

बाईंनी मान हलवली आणि काहीतरी टाईप केलं. बस. त्यांनी फॉर्म पाहिलेलाच नव्हता. कोणीच पाहिला नव्हता. ज्या ओळीला मी सकाळपासून घाबरत होते ती कुठंतरी न उघडता पडून होती, आणि हातांचा पत्ता मशीनलाच लागला होता. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच माझ्या लक्षात आलं की आता सगळं मावशींवर आलं आहे.

बाई मावशींकडे वळल्या. तुमच्या आयडीवर दुसऱ्या कोणी काम केलं का?

मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "व्हय," त्या म्हणाल्या. "मीच बसवलं दुसऱ्यांना. माझा हात चालत न्हाई. आमच्या बाईंना ठाऊक न्हवतं."

मी गप्प बसले. तोंड उघडायला भरपूर वेळ होता, बोलणं आणखी दहा मिनिटं चाललं. मी गप्पच बसले.

नियमाप्रमाणे एक संधी देता येईल, असं बाई म्हणाल्या. आयडी तेवढ्यापुरता उघडतील, आणि मावशींनी आत्ता, स्क्रीन त्यांना दिसत असताना, एकटीनं एका तासात चाळीस फोटो करायचे. जवळ कोणी थांबायचं नाही. आम्ही सगळ्या जिन्यात जाऊन उभ्या राहिलो, खताच्या गोण्यांच्या वासात. रस्त्यावरून उसाच्या जोडट्रॉल्या जात होत्या आणि प्रत्येकीमागं गाड्यांची रांग हॉर्न वाजवत होती. दुकानदारानं सकाळच्या भांडणाचं उट्टं काढायचं सोडून आम्हाला पाणी दिलं. सून दाराच्या फटीतून बघून एकेक आकडा सांगत होती. अकरा. अकराच. बारा. इन्व्हर्टरचा आवाज वाढला तसे सगळ्यांचे जीव टांगणीला लागले, पण तो टिकला. तास संपला तेव्हा सव्वीस झाले होते.

पाच वाजता मेल आला. मी तो मावशींना मोठ्यानं वाचून दाखवला. सव्वीसही उत्तरं बरोबर. दोन ठिकाणी तर कंपनीच्या यादीतलं उत्तर चुकलेलं होतं आणि तज्ज्ञांनी मावशींचं बरोबर ठरवलं होतं. वेग अपुरा. आयडी दुसऱ्यांना वापरू दिल्यामुळे कायमचा बंद. या आयडीवरून आजवर दिलेली उत्तरं उत्तम दर्जाची असल्यानं ती नमुना म्हणून राखली जातील.

"म्हंजे?" मावशींनी विचारलं.

मी सांगितलं की नव्या बायकांची परीक्षा घेताना, मशीनची परीक्षा घेताना तुमची उत्तरं खरी धरतील. त्यांनी मान डोलावली, डब्याची पिशवी उचलली, आणि सुनेला सांगितलं की पेरूच्या फोटोत देठाजवळचा काळा ठिपका दिसला तर घाई करू नकोस. जिना त्या एकेक पायरी थांबून उतरल्या.

मी तेव्हापासून यावर फार डोकं चालवलं आहे, आणि दर वेळी संतापते. मावशी बागेत राबायच्या तेव्हा मालक त्यांचा दिवस विकत घ्यायचा. संध्याकाळी त्या आपली नजर सोबत घेऊन घरी जायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मालकाला ती हवी असेल तर मावशींनाच बोलवावं लागायचं. इथं नजर ठेवून घेतली आणि बाईला जा म्हटलं. वेगाचा आकडा लावला तो हाताला, आणि किंमत होती ती डोळ्यांना. पण हा सगळा संताप मला सोयीचाही होता. कंपनीला शिव्या घालताना मला स्वतःकडे बघावं लागत नव्हतं.

पुढच्याच महिन्यात आम्हा सगळ्यांची परीक्षा आली. फोटो समोर आले आणि पाचव्या-सहाव्या फोटोला सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. डाळिंबाचं पान, आणि कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा अंगठा. हा फोटो मावशींनी आमच्यासमोर ओळखला होता, डागाच्या कडेला पिवळी झालर बघा म्हणून. आम्हाला मावशींच्याच उत्तरांनी तपासलं जात होतं. सुनेनं उत्तर दिलं, बरोबर आलं, आणि ती उठून जिन्यात जाऊन रडली. मावशी पुन्हा राहात्याकडच्या बागेत जायला लागल्याचं त्यांच्या लेकीकडून कळलं होतं; मी दुसऱ्या दिवशी सकाळी राहात्याच्या एसटीत बसले.

पेरूच्या बागेत दहा-बारा बायका खुरपत होत्या. मावशी टोळी चालवत नव्हत्या, टोळीत होत्या. गुडघा मुडपत नव्हता म्हणून एक पाय लांब पसरून, पाठ वाकडी करून खुरपत होत्या, आणि सगळ्यांच्या मागं होत्या. मी त्यांच्याजवळ मातीत बसले आणि फॉर्मचं सांगितलं. काय लिहिलं ते शब्दशः सांगितलं. त्यासाठीच मी आले होते, असं मला वाटत होतं. ते सांगून टाकलं की मी मोकळी होईन.

त्यांनी खुरपं थांबवलं नाही. "ते लिहिलं हुतं ते खोटं हुतं का?"

"नाही."

"मंग ते कशाला सांगताय. लिहिलं ते खरं हुतं, बाई. बोलल्या ते खोटं."

मी विचारलं की मग तुम्ही मला का वाचवलंत.

"तुमी मागं पडल्या हुत्या," मावशी म्हणाल्या. "मागं पडली तिची पात लावून द्यायची आसती. लावली. आता तुमची तुमी धरा."

त्यांची ओळ मोठी होती. दुसऱ्या टोकाकडून एक बाई त्यांच्या दिशेनं खुरपत यायला लागली होती, तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी खुरपं मागितलं, तर मावशींनी मला जायला सांगितलं. एसटी साडेबाराची होती.

कोल्हारात परत आल्यावर मी सगळ्यांना बसवलं आणि काय करणार आहे ते सांगितलं. तुमचे आयडी जाऊ शकतात, हेही सांगितलं. ट्रॅक्टरवरून बोलली होती तीच आधी म्हणाली, लिहा. या वेळी मी कच्चं लिहिलं नाही. फॉर्म कोणी वाचत नाही हे आता कळलं होतं, म्हणून मेल थेट पुण्याच्या त्या बाईंना केला. सावडीची पद्धत आमच्याकडे आहे, मला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती, मी तुम्हाला खोटं सांगितलं आणि मावशींनी माझ्यासाठी खोटं सांगितलं, असं लिहून खाली माझं नाव टाकलं.

उत्तर अजून आलेलं नाही. रोज सकाळी आठजणी आपापला आयडी टाकतात आणि आपलं नाव हिरवं दिसेपर्यंत कोणी बोलत नाही. माझा मी सगळ्यांत शेवटी टाकते.